फोर्ड ८एन ट्रॅक्टरची बॅटरी मडगार्डवरच्या पेटीत आहे. ही तिची मूळ जागा असू शकते का?

आपण विचारले आहे की, ओहायोमध्ये घेतलेल्या जागेसोबत आलेल्या १९४९ च्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरची बॅटरी उजव्या मडगार्डला जोडलेल्या लोखंडी पेटीत आहे, विकणाऱ्या गृहस्थांच्या म्हणण्यानुसार ती 'कारखान्यातूनच तशी आली', आणि हे पडताळायचे कसे. निष्कर्ष आधीच सांगतो. ती मूळ जागा नाही. ८एन हा ट्रॅक्टर मिशिगन राज्यात हायलंड पार्क येथे १९४७ ते १९५२ या काळात बनला, पाच लाखांहून अधिक नग बाहेर पडले, आणि त्या सगळ्यांची बॅटरी बॉनेटखाली, पेट्रोलच्या टाकीच्या मागे आणि डॅशबोर्डच्या पुढे असे. मात्र माझ्या शब्दावर विसंबू नका. ट्रॅक्टर स्वतःच साक्ष देतो. मी आजवर दोन ८एन पूर्ण उघडून पुन्हा जोडले आहेत, त्या अनुभवावरून काय पाहायचे ते लिहितो.

स्टिअरिंगच्या पुढे बॉनेटवर बिजागरीचे एक झाकण दिसेल, ते उचला. त्याखाली पुढच्या बाजूला पेट्रोलच्या टाकीचे टोपण आणि त्याच्या मागे बॅटरीची जागा आहे. (पेट्रोल आणि बॅटरी एकाच झाकणाखाली ठेवण्याची कल्पना मला कधीच पटली नाही, पण ती कारखान्याचीच आहे.) तेथे साधारण २३ बाय १८ सेंटिमीटरची बॅटरी बसेल अशी पत्र्याची ट्रे, आणि बॅटरीला वरून दाबून धरणारी चौकट व तिचे दोन लांब बोल्ट असायला हवेत. आपल्याकडे बहुधा ही जागा रिकामी असेल किंवा तेथे पाने-पक्कड ठेवलेली असतील. ट्रे अजिबात नसली तरी गोंधळून जाऊ नका. ती गंजून पडली म्हणूनच पुष्कळांनी बॅटरी बाहेर काढली. उलट, ट्रे कोरी करकरीत असेल तर तोही पुरावा मानू नका, कारण तशा नव्या ट्रे आजही विकत मिळतात.

खरा पुरावा ॲसिडचा. शिशाच्या जुन्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी वायू बाहेर पडतो आणि त्याबरोबर गंधकाम्लाचे बारीक तुषार उडतात. जास्त चार्ज झाली की बॅटरी उकळल्यासारखी खदखदते आणि ॲसिडचे पाणी बाहेर येते. वीस-तीस वर्षे एका जागी राहिलेली बॅटरी आपल्याखालचा रंग खाते, पत्रा पापुद्र्यांनी सोलते आणि थेंब जिथे ओघळतात तिथे खालच्या ओतीव लोखंडावरही खडबडीत, चट्ट्यासारखी खूण ठेवते. म्हणून टॉर्च घेऊन ट्रेच्या खालची बाजू, डॅशबोर्डच्या पत्र्याची पुढची कड आणि ट्रेच्या थेट खाली असलेल्या हाउसिंगचा (ओतीव लोखंडी कवचाचा) वरचा भाग पाहा. इतर ठिकाणी ओतीव भागांवरचा मूळ लाल रंग टिकलेला आणि नेमका इथेच उडालेला असेल, तर बॅटरीने आपले आयुष्य इथे काढले आहे. त्यानंतर मडगार्डवरच्या पेटीखाली तसेच पाहा. चाळीस-पन्नास वर्षांचा ॲसिडचा मार तेथे दिसला, तर बदल जुना आहे; केवळ वरवरचा गंज असेल, तर तो अलीकडचा आहे. मी घेतलेल्या पहिल्या ट्रॅक्टरबाबतही 'सगळे मूळचे' असे मला सांगण्यात आले होते आणि मी ते मानले होते; पुढे झाकणाखालचा उंदराचा खोपा उपसल्यावर तळाशी चाळणीसारखी झालेली ट्रे निघाली.

दुसरी साक्ष भोकांची. कारखान्यात पत्र्याला प्रेसवर पाडलेले भोक गोल आणि स्वच्छ कडेचे असते आणि रंग नंतर लागलेला असल्याने तो भोकाच्या आतल्या कडेवरही चढलेला असतो. हातड्रिलने पाडलेल्या भोकाची कड मागच्या बाजूला कुसळासारखी उभी राहते, दोन भोके एका रेषेत क्वचितच येतात, आणि आत रंगाऐवजी उघडे लोखंड किंवा थेट गंज दिसतो. पेटीचा एक बोल्ट काढून भोकाभोवतीची कड बारीक सँडपेपरने हलकेच घासा, म्हणजे रंगाचे थर झाडाच्या वलयांसारखे एकाखाली एक उलगडतील. ८एनचा पत्रा मुळात फिकट करड्या रंगाचा होता. पेटीच्या खाली दाबला गेलेला थर निळा निघाला, तर पेटी रंगकामानंतर बसली एवढे निश्चित. बोल्टही पाहून घ्या. १९४९ च्या अमेरिकी ट्रॅक्टरवर इंचाच्या मापाचे बोल्ट असतात, त्यामुळे जिथे इंचाचा पाना नीट बसत नाही आणि मिलिमीटरचा चपखल बसतो तिथे नंतरचा हात लागला आहे असे समजावे. पेटीच्या कोपऱ्यांवर वेल्डिंगचे जाड ओघळ असतील, तर त्याबद्दल वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट केबल. मूळ मांडणीत बॅटरी सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या, जवळ असल्याने केबल आखूड होत्या, आणि ही व्यवस्था ६ व्होल्टची असल्याने त्या चांगल्याच जाड होत्या, कारण तेवढीच शक्ती ६ व्होल्टवर द्यायची तर १२ व्होल्टच्या दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. बॅटरी मडगार्डवर गेली की केबल लांब होते, आणि लांब केबल जर बारीक असेल तर सेल्फ थंडीत रडत फिरतो.

येथे एक गल्लत टाळावी. जागा, व्होल्टेज आणि अर्थिंग या तीन वेगवेगळ्या बाबी आहेत आणि त्या स्वतंत्रपणे बदललेल्या असू शकतात. ८एन मुळात ६ व्होल्टचा आणि पॉझिटिव्ह अर्थिंगचा आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक वेणीसारख्या विणलेल्या पट्टीने बॉडीला जोडलेले असे. कित्येकांनी बॅटरी मूळ जागेतच ठेवून ती १२ व्होल्टची केली, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या लांबट नळकांड्याऐवजी आखूड, पंखा असलेला अल्टरनेटर बसवला आणि अर्थिंग निगेटिव्ह केले. बॅटरीवर तीन टोपणे असतील तर ती ६ व्होल्टची, सहा असतील तर १२ ची. चार दिसली तर ८ व्होल्टची, कारण जुन्या ट्रॅक्टरांवर तोही एक मधला मार्ग काढला जाई. टोपणे नसतील तर मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज असताना ६.३ किंवा १२.६ च्या आसपास आकडा येईल. अर्थिंग उलटे करूनही अँमीटरच्या (विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या) तारा अदलाबदल न केलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. त्यांत चार्जिंग चालू असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो.

हे निकष दुसऱ्या ट्रॅक्टरांना जसेच्या तसे लावू नका. फोर्ड ३००० ची, म्हणजे पुढे फरीदाबादला बनलेल्या आणि आपल्याकडच्या अनेकांनी गावी पाहिलेल्या ट्रॅक्टरची, बॅटरी रेडिएटरच्या पुढे नाकात असते आणि तीच तिची मूळ जागा आहे. जॉन डिअरच्या १९४७ नंतरच्या ए आणि बी मॉडेलांत ती आसनाखाली असते. जॉन डिअर ४०१० आणि सुरुवातीच्या ४०२० या डिझेल ट्रॅक्टरांत २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या कारखान्यातूनच येत असत. त्यांपैकी एकच शिल्लक असेल तर तो बदल.

आपल्या ट्रॅक्टरपुरते बोलायचे तर, तो शेतात राबवायचा असेल आणि पेटी भक्कम असेल तर ती काढण्याची घाई मी करणार नाही; पेट्रोलपासून दूर असलेली बॅटरी ही काही वाईट गोष्ट नाही. मात्र पुढे दुसऱ्या एखाद्या ८एनसाठी 'मूळ स्थितीतील' म्हणून जादा किंमत मागितली जात असेल, तर विक्रेत्याला बॉनेटवरचे झाकण उघडून दाखवायला सांगा. तपासणीसाठी केबल काढताना बॉडीला जोडलेली केबल आधी काढावी आणि शेवटी जोडावी, आणि पॉझिटिव्ह अर्थिंगच्या ट्रॅक्टरात ही केबल धन टोकाची असते, हे सवयीच्या भरात विसरू नका.