वाचकांचे प्रश्न : व्हिव्हियन वुडवर्ड लंडनचे की क्लॅक्टनचे?

प्रश्न : विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्लिश फुटबॉलपटू व्हिव्हियन वुडवर्ड यांचे जन्मस्थान लंडन असे वाचनात येते; मात्र त्यांची ओळख समुद्रकाठच्या क्लॅक्टनचा खेळाडू अशी करून दिली जाते. यांतले खरे काय? शिवाय ते अखेरपर्यंत ‘हौशी’ खेळाडू राहिले, याचा नेमका अर्थ काय?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वुडवर्ड यांचा जन्म १८७९ मध्ये लंडनच्या केनिंग्टन भागात झाला. पण ते वाढले, शिकले आणि फुटबॉल खेळू लागले ते एसेक्सच्या किनाऱ्यावरील क्लॅक्टनमध्ये. हे गाव त्यांच्याहून फारसे वडील नव्हते. १८७१ मध्ये तिथला धक्का खुला होऊन लंडनहून आगबोटी येऊ लागल्या, १८८२ मध्ये रेल्वे आली आणि जिथे शेते होती तिथे हवापालटासाठी येणाऱ्यांचे शहर पाहता पाहता उभे राहिले. याच नव्या गावाच्या संघातून वुडवर्ड शाळकरी वयातच खेळू लागले, तेव्हा त्यांना क्लॅक्टनचे म्हणणे आम्हाला पूर्णपणे योग्य वाटते.

आता हौशीपणाविषयी. इंग्लंडमध्ये खेळाडूंना पैसे देण्यास १८८५ पासून मान्यता होती, आणि १९०१ पासून आठवड्याला कमाल चार पौंड अशी वेतनमर्यादाही ठरलेली होती. वुडवर्ड यांनी हे वेतन कधीच घेतले नाही. ते व्यवसायाने वास्तुविशारद होते आणि पोट त्या कामावर भरत असे. फुटबॉल त्यातून वेळ काढून खेळायचा. असे असूनही ते खेळत असलेल्या टॉटनहॅम या लंडनच्या क्लबने १९०८ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडमधील क्लबांच्या मुख्य साखळी स्पर्धेत, पाऊल ठेवले तेव्हा त्या संघाचा लीगमधील पहिला गोल त्यांनीच केला. त्याच वर्षीच्या लंडन ऑलिंपिकमध्ये आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सुवर्णविजेत्या संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. दोन्ही अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्धी डेन्मार्कच होता.

त्यांच्या गोलांचे आकडे निरनिराळे आढळतात, त्याचेही कारण हौशीपणातच आहे. इंग्लंडचा हौशी खेळाडूंचा राष्ट्रीय संघ वेगळा होता आणि त्याचे सामने मुख्य संघाच्या सामन्यांत धरले जात नाहीत. मुख्य संघासाठी त्यांनी २३ सामन्यांत २९ गोल केले आणि स्टीव्ह ब्लूमर यांचा २८ गोलांचा विक्रम मागे टाकला. वुडवर्ड यांचा हा नवा विक्रम पुढे १९५० च्या दशकापर्यंत कोणाला गाठता आला नाही.

या माणसाचा स्वभाव कळतो तो मात्र १९१५ च्या एफ. ए. कपच्या, म्हणजे इंग्लिश क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यावरून. महायुद्ध सुरू होते, वुडवर्ड सैन्यात दाखल झाले होते आणि त्यांच्या तेव्हाच्या चेल्सी संघाचा नेहमीचा आघाडीवीर बॉब थॉमसन जखमी असल्याने त्याच्या जागी त्यांना खेळवण्याचा विचार चालला होता. थॉमसन वेळेत बरा झाला, तेव्हा संघाला अंतिम फेरीपर्यंत आणण्यात ज्याचा वाटा आहे त्यानेच खेळावे, असे म्हणून वुडवर्ड बाजूला झाले. चेल्सी तो सामना शेफील्ड युनायटेडकडून ०-३ असा हरली. पुढच्याच वर्षी युद्धाच्या आघाडीवर हातबॉम्बच्या तुकड्यांनी वुडवर्ड यांच्या मांडीला जखम झाली, आणि वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये ते पुन्हा उतरले नाहीत.