ताकायामा समजून घ्यायचं तर सुतारांपासून सुरुवात करा

जपानमधल्या लहान शहरांचा अभ्यास नव्याने सुरू करताय, तर माझं ऐका: क्योतोच्या मागे न लागता गिफू प्रांतातलं ताकायामा निवडा. आणि सुरुवात देवळांपासून नको, लाकडापासून करा.

हिदा (ताकायामाच्या भागाचं जुनं नाव) हा डोंगराळ मुलूख. भातशेती जेमतेम. म्हणून आठव्या शतकात इथल्या लोकांना नेहमीचे काही कर माफ होते आणि त्याबदली दर पन्नास घरांमागे दहा सुतार राजधानीत कामाला पाठवावे लागत. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की पुढचं आपोआप उलगडतं. 1692 मध्ये तोकुगावा शासनाने (तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या शोगुनांनी) इथल्या कानामोरी सरदार घराण्याला हलवून हा प्रदेश थेट ताब्यात घेतला, तोही इथल्या जंगलांसाठी आणि खाणींसाठी. त्या कारभाराची कचेरी, ताकायामा जिन्या, आजही उभी आहे. तिथे खिळे झाकणारे सशाच्या आकाराचे छोटे तुकडे आहेत, ते शोधाच!

जत्रा वर्षातून दोनदा: 14-15 एप्रिल आणि 9-10 ऑक्टोबर. नुसते रथ बघून परतू नका. ऑक्टोबरच्या जत्रेत होतेईच्या (सुखसमृद्धीच्या देवाच्या) रथावर दोऱ्यांनी नाचणाऱ्या बाहुल्या बघायला गर्दीत लवकर जागा धरा. पाऊस आला तर रथ बाहेर काढत नाहीत, म्हणून हाताशी दोन्ही दिवस ठेवा.

सानमाची या जुन्या वस्तीतल्या साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) भट्ट्यांच्या दारावर सुगी नावाच्या जपानी देवदाराच्या पानांचा गोळा टांगलेला दिसेल. तो हिरवागार असेल तर नवी साके तयार झालीय.