स्वस्त चिप, पण हलकी नको

सांगली

चि.,
अनेक आशीर्वाद.

आघाडीच्या चिप कंपनीनं स्वस्त प्रोसेसरच्या बाजारात उतरावं का, असं विचारलंस. उतरावं, आणि वेळेत उतरावं. पण चिप बनवायलाच स्वस्त पडली पाहिजे; महागड्या चिपेची नस मुद्दाम कापून ती स्वस्त म्हणून विकू नये.

आधी वहीत वेफर मांड, म्हणजे ज्या गोल सिलिकॉन चकतीवर चिपा बनतात ती. 300 मिमीच्या वेफरवर 200 चौरस मिमीच्या साधारण 306 चिपा बसतात, 100 च्या 640. चौरस सेंटिमीटरला 0.1 दोष धरलास तर चांगल्या निघतात 250 आणि 580 च्या आसपास. आकार निम्मा, नग दुपटीहून जास्त. खरी स्वस्ताई इथं आहे.

दुसरी वाट प्रतवारीची. आपल्याकडे सौद्याला जाणारा बेदाणा चाळून, रंग बघून लावतात. बारीक मणी कुणी फेकत नाही. तसाच एखादा कोर, म्हणजे चिपेतला हिशेब करणारा एक भाग, बिघडलेली चिप तो कोर बंद करून खालच्या नावानं विकतात. फक्त यील्ड, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या चिपांचा वाटा, सुधारला की असा माल आटतो, मागणी मात्र तशीच राहते. मग धडधाकट कोर बंद करून विकायची पाळी येते. म्हणून खप मोठा असेल तर छोटी चिप वेगळीच आखावी.

इंटेलचा स्वस्त प्रोसेसर सेलेरॉन नीट अभ्यास. एएमडी आणि सायरिक्सच्या स्वस्त चिपांना तोंड द्यायला इंटेलनं तो एप्रिल 1998 मध्ये काढला. गाभा त्यांच्याच महागड्या पेंटियम टूचा, पण 512 केबीची एल-टू कॅशे, म्हणजे गाभ्याजवळची दुसऱ्या पायरीची वेगवान मेमरी, काढून टाकलेली. एल-वन या पहिल्या, छोट्या कॅशेत जे मावत नाही त्यासाठी दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा. त्यामुळे तो रखडायचा आणि नाव खराब झालं. ऑगस्टमध्ये 300ए आला. कॅशे 128 केबीच, पण गाभ्याच्याच सिलिकॉनवर, पूर्ण वेगानं चालणारी. पेंटियम टूची निम्म्या वेगानं चालायची. चिपेचा वेग म्हणजे बसचा, चिपेला बाकी यंत्राशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग गुणिले ठरलेला गुणक. तो गुणक 4.5 असल्यानं बस 66 वरून 100 वर नेली की 300 चे 450 मेगाहर्ट्झ व्हायचे, आणि हौशी लोक महागडी चिप घेईनात.

आपलाच घास आपण खाल्ला, हे खरं. तरी तो प्रतिस्पर्ध्यानं खाण्यापेक्षा बरा: त्याच खपावर तो स्वतःचा फॅब, म्हणजे चिपांचा कारखाना, भरतो, यील्ड सुधारतो आणि वरच्या बाजारात येतो. आपला फॅब रिकामा राहिला तरी यंत्रांचा घसारा थांबत नाही.

आता दोषाचा दर 0.3 धरून तेच गणित पुन्हा कर. छोट्या आणि मोठ्या चिपेतलं अंतर किती वाढतं, ते आकड्यांसकट कळव.