घरी हळू आवाजात इलेक्ट्रिक गिटार भरीव कशी वाजेल?

तुमची अडचण दुहेरी आहे. रात्री व्हॉल्यूम खाली आणला की अ‍ॅम्प पोकळ वाजतो, आणि डिस्टॉर्शन पेडल (सूर मुद्दाम खरखरीत करणारं) थेट हेडफोनला जोडलं की कानात नुसती किरकिर होते. म्हणून १ वॅटचा छोटा अ‍ॅम्प घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं स्पष्ट मत: घेऊ नका. पैसे वॅट कमी करण्यात घालू नका, स्पीकर कॅबिनेटची, म्हणजे स्पीकर बसवलेल्या पेटीची, उणीव भरून काढण्यात घाला.

आधी वॅटचं बोलू. गिटारचे १२ इंची स्पीकर फार कार्यक्षम असतात. त्यातल्या अनेकांना नुसता १ वॅट दिला तरी एक मीटरवर ९८ ते १०० डेसिबल आवाज निघतो. रात्री घरात एवढा आवाज कोणी सहन करणार नाही. शिवाय कानाला आवाज निम्मा वाटायचा तर वॅट साधारण दहापट कमी व्हावे लागतात, म्हणजे ५० वॅटवरून ५ वॅटवर आलात तरी फरक जेमतेम निम्म्याचा. १ वॅटचा अ‍ॅम्प घेतला तरी रात्री त्याचाही व्हॉल्यूम पार खालीच ठेवावा लागेल, आणि पोकळपणाची तक्रार तशीच राहील.

आता किरकिर. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर हा वाद्याचाच एक भाग आहे, नुसता आवाज बाहेर टाकणारा डबा नाही. साधारण ५००० हर्ट्झच्या वर त्याचा प्रतिसाद झपाट्याने ढासळतो, आणि डिस्टॉर्शनमधून निघणारा सगळा कर्कश कचरा तिथेच गाळला जातो. हेडफोन मात्र २०,००० हर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीने ऐकवतो. पेडल बिघडलेलं नाही, मधला गाळणारा टप्पाच नाहीसा झाला आहे. तो परत आणायचं काम कॅबिनेट सिम्युलेशन करतं. त्याचा सर्वात चांगला प्रकार म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, बोलताना सगळे नुसतं आयआर म्हणतात. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून त्याचा ध्वनिस्वभाव टिपलेली ती एक छोटी फाइल असते. मल्टी-इफेक्ट (एकाच पेटीत अनेक इफेक्ट), मॉडेलिंग अ‍ॅम्प (वेगवेगळ्या अ‍ॅम्पची नक्कल करणारा) किंवा हेडफोन अ‍ॅम्प, काहीही निवडा, पण त्याच्या हेडफोनच्या वाटेवर कॅबिनेट सिम्युलेशन आहे का हे आधी तपासा. हेडफोनचं भोक दिसलं म्हणजे ते असतंच असं नाही. पुष्कळ स्वस्त प्रॅक्टिस अ‍ॅम्पमध्ये नसतं.

आयआर लावल्यावरही पहिल्या दिवशी काहीतरी खटकेल. सूर डोक्याच्या आत, अगदी कानाला चिकटून वाजल्यासारखा वाटतो. कारण माइक स्पीकरच्या जवळ होता, आणि आपले कान मात्र खोलीत थोडं लांबून ऐकायला सरावलेले. त्यावर छोट्या खोलीचा रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमल्यासारखा करणारा इफेक्ट, अगदी थोडा घाला, शक्य असेल तर स्टीरिओ. रिव्हर्ब वेगळा जाणवू लागला तर जास्त झाला असं समजा. मग ८० हर्ट्झच्या आसपास खालून आणि ६००० ते ८००० हर्ट्झच्या आसपास वरून फिल्टर लावून पाहा. एवढ्यानेच किती फरक पडतो हे ऐकाल तेव्हा नवं पेडल घ्यायची इच्छा बरीच मावळेल.

घरी कॉम्प्युटर असेल तर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणारी छोटी पेटी, हा माझ्या मते सर्वात चांगला मार्ग. गिटार लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडू नका. साध्या पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाला) साधारण १० लाख ओहमचा इनपुट लागतो. त्याहून फार कमी मिळाला की वरचे सूर विझतात आणि गिटार ब्लँकेटखालून वाजते. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेला इनपुट त्यासाठीच असतो. सॉफ्टवेअरमध्ये न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर (खऱ्या अ‍ॅम्पची नक्कल करणारं) फुकट आहे आणि उत्तम आहे. एक लक्षात ठेवा: त्यातल्या काही कॅप्चर (टिपलेल्या नकला) नुसत्या अ‍ॅम्पच्या असतात, त्यांना आयआर जोडावा लागतो, काहींत कॅबिनेट आधीच टिपलेलं असतं. तिथे वरून आणखी आयआर लावला तर सूर गढूळ होतो.

तार छेडल्यापासून कानात सूर येईपर्यंतच्या विलंबाकडेही लक्ष हवं. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (विलंब कमी ठेवणारा) वापरा आणि बफर, म्हणजे एका वेळी साठवला जाणारा आवाजाचा तुकडा, १२८ किंवा ६४ सॅम्पलवर ठेवा. ४८,००० च्या सॅम्पल रेटला १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. आत-बाहेर धरून सगळं १० मिलिसेकंदांत बसलं तर साडेतीन मीटरवरचा अ‍ॅम्प ऐकल्यासारखं होतं, बोटांना त्रास होत नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र इथे चालणार नाहीत. त्यांचा विलंब बहुधा १०० मिलिसेकंदांच्या वरच असतो आणि लय हातातून निसटते. फोनवरून अ‍ॅम्पला बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) पाठवायला ब्लूटूथ ठीक आहे. वाजवताना ऐकायला वायरच हवी.

हेडफोन नको, स्पीकरवरच वाजवायचं असेल तर मोठा अडथळा आपल्या कानाचाच आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं: आवाज हळू झाला की खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा खूप जास्त वेगाने कानाआड होतात. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जितका ऐकू येतो, तितकाच १०० हर्ट्झचा सूर ऐकू यायला त्याला २० डेसिबलहून अधिक जोर लागतो. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते. तुम्हाला जाणवणारा पोकळपणा बराचसा इथून येतो. म्हणून नॉब ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात लावा: बास थोडा वर, ट्रेबल किंचित वर. ही सेटिंग घरापुरतीच ठेवा, बँडबरोबर मोठ्या आवाजात ती घुमेल.

पण वाढवलेला बास फरशीतून खालच्या मजल्यावर जातो, हेही खरं. अ‍ॅम्प जमिनीवरून उचला, जाड फोमवर किंवा स्टँडवर ठेवा आणि तिरका करून तोंड तुमच्या कानाकडे करा. वरचे सूर सरळ रेषेत जातात. जमिनीवरचा अ‍ॅम्प ते तुमच्या गुडघ्यांना ऐकवतो आणि तुम्ही उगीच व्हॉल्यूम वाढवता. हा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेक जण तो करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प असेल तर त्याचा स्पीकर काढून तो कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकरऐवजी लोड बॉक्स, म्हणजे अ‍ॅम्पची ताकद आवाज न करता जिरवणारी पेटी, लावा, ओहम जुळवून घ्या आणि पुढे आयआर.

गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, मात्र कमी ठेवा. हळू आवाजात सूर बारीक वाटतो म्हणून हात आपसूक गेनकडे जातो, आणि गेन पिकचे सगळे बारीक फरक सपाट करून टाकतो. मग दोन तास वाजवूनही हाताला वळण लागत नाही. भरीवपणा हवा असेल तर मागे बास आणि ड्रमचा ट्रॅक हळू लावा. रेकॉर्डिंगमध्ये जो भारदस्त तळ आपण गिटारचा समजतो, त्यातला मोठा हिस्सा बास गिटारचा असतो.

हेडफोनच्या पातळीबद्दल मला मनापासून काळजी वाटते. ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असं प्रमाण कामाच्या जागांसाठी वापरतात. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. रियाज सुरू करताना, कान ताजे असताना पातळी ठरवा आणि मध्येच वाढवू नका. अर्ध्या तासाने आवाज कमी वाटू लागला तर हेडफोन काढून दहा मिनिटं शांत बसा. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी ऐकू आली, तर दुसऱ्या दिवशी पातळी नक्की खाली आणा.