एडब्ल्यूएसच्या कोडस्टार नोटिफिकेशन्समध्ये (पाइपलाइन वगैरेत काय झालं ते कळवणारी सर्व्हिस) नोटिफिकेशन रूल बनतो पण मेसेज येत नाही?
अरे कोडला हात लावू नकोस आधी, बोटो३ (एडब्ल्यूएसची पायथन लायब्ररी) मधून रूल बनला म्हणजे कॉल बरोबरच गेलाय. बहुतेक वेळा घोळ एसएनएस टॉपिकच्या (ज्या चॅनलवरून मेसेज पुढे जातात त्याच्या) ॲक्सेस पॉलिसीत असतो, कोडस्टार नोटिफिकेशन्स सर्व्हिसला तिथे पब्लिश करायची परवानगीच दिलेली नसते, मग मेसेज येणार कुठून. लिस्ट टार्गेट्स (list_targets) कॉल मारून टॉपिकचं स्टेटस बघ, अनरीचेबल दिसलं तर बहुतेक हेच समज. आणि हो, टॉपिकवरचं ईमेल सबस्क्रिप्शन कन्फर्म केलंयस ना, ते पण लोक विसरतात.
इव्हेंटचे आयडी मनाने टाइप करू नकोस, लिस्ट इव्हेंट टाइप्स (list_event_types) कॉलमधून उचल. सुरुवातीला फक्त पाइपलाइन (कोड बिल्ड-डिप्लॉय करणारी साखळी) फेल झाल्याचाच इव्हेंट लाव, सगळे लावलेस की दोन दिवसांत तूच म्यूट करशील.