नाणेनिधीच्या शेऱ्याने बाजार हलतो का?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, पतमानांकन संस्था (कर्जदार कर्ज फेडू शकेल का हे जोखून त्याला दर्जा देणाऱ्या) वगैरे मंडळी देशोदेशीच्या अर्थव्यवस्थांवर जी देखरेख ठेवतात, तिचा बाजारावर खरोखर परिणाम होतो की हे नुसते कागदी काम आहे, असा तुमचा प्रश्न आहे. रोखे बाजार, म्हणजे सरकारे व कंपन्या ज्या कागदांवर कर्ज उभारतात त्यांचा बाजार, बरीच वर्षे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, शेरा कोणी मारला यापेक्षा तो कोणत्या घडीला आणि कोणावर मारला गेला, याला अधिक महत्त्व असते.

ब्रिटनचे तत्कालीन अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून उभा राहणार याचा हिशेब नव्हताच, शिवाय अशा प्रस्तावांसोबत एरवी येणारा स्वतंत्र सरकारी यंत्रणेचा वित्तीय अंदाजही त्यांनी सोबत दिला नव्हता. माझ्या मते बाजाराला सर्वांत जास्त खटकले ते हेच. सोमवारी पौंड १.०३ डॉलरच्या आसपास, म्हणजे तोवरच्या नीचांकावर गेला. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, आणि त्याच रोख्यांच्या आधारे उसनवारी केलेल्या पेन्शन फंडांकडे जादा तारणाची मागणी होऊ लागल्याने त्यांनाही रोखेच विकावे लागले. नाणेनिधीचे निवेदन आले ते २७ तारखेला, आग लागल्यानंतर. त्यात बाजाराला ठाऊक नसलेले काहीही नव्हते. तरीही एखाद्या विकसनशील देशाला सुनवावे तशा भाषेत ब्रिटनची कानउघाडणी झाल्यामुळे, विक्री करू पाहणाऱ्या प्रत्येक फंड व्यवस्थापकाला आपल्या समितीपुढे ठेवायला एक भक्कम कागद मिळाला. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेला, बँक ऑफ इंग्लंडला, पडझड थोपवण्यासाठी रोखेखरेदीला उतरावे लागले. पुढे क्वार्टेंग वॉशिंग्टनमधील नाणेनिधीची वार्षिक बैठक अर्धवट सोडून परतले, आणि १४ ऑक्टोबरला त्यांचे पद गेले. (योगायोग म्हणा, पण बोलका.)

याच्या अगदी उलट घडले ते ऑगस्ट २०११ मध्ये. स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचे सर्वोच्च मानांकन काढून घेतले, तेव्हा शेअर बाजार आपटला खरा, पण ज्या रोख्यांचा दर्जा घटवला होता त्यांचेच भाव वाढले, कारण घाबरलेल्या पैशाला आसरा घ्यायला तेवढी मोठी दुसरी जागाच नव्हती.

भारताचे मानांकन याच संस्थेने १४ ऑगस्ट २०२५ रोजी 'बीबीबी उणे'वरून 'बीबीबी' केले. आपल्या केंद्र सरकारचे बहुतेक कर्ज रुपयांत असून ते प्रामुख्याने देशातील बँका, विमा कंपन्या आणि रिझर्व्ह बँकेकडे आहे, त्यामुळे अशा बदलाचा दैनंदिन व्यवहारांवरील परिणाम मर्यादितच राहतो. तरीही मी त्याला क्षुल्लक म्हणणार नाही, कारण 'बीबीबी उणे' ही गुंतवणूकयोग्य दर्जाची शेवटची पायरी असते. तिच्याखाली घसरलेल्या देशाचे रोखे अनेक परदेशी फंडांना, व्यवस्थापकाचे स्वतःचे मत काहीही असले तरी, केवळ नियमापोटी विकावे लागतात.