लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना चित्र खराब येतंय?

भावा, लगेच नवीन कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरला देणारं यंत्र) घ्यायला पळू नकोस, आधी तीच कॅसेट व्हीसीआरवरून सरळ टीव्हीला लावून बघ. तिथेही मुंग्या दिसल्या तर कार्ड बिचारं निर्दोष आहे, व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) घाण झालंय नाहीतर ट्रॅकिंग, म्हणजे टेपवर हेड नेमकं बसणं, हललंय, ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवून बघ.

टीव्हीवर नीट पण कॉम्प्युटरवर ब्लॅक अँड व्हाइट किंवा वर सरकणारं चित्र येत असेल तर बहुतेक सॉफ्टवेअरमधे एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची टीव्ही पद्धत, निवडलेलं असणार. आपल्याकडच्या कॅसेट पॅल पद्धतीच्या, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, तेच सेट कर. मी आईबाबांच्या लग्नाची अख्खी तीन तासांची कॅसेट एनटीएससीवर उतरवली होती, हिरवा शालू राखाडी झालेला बघून आईने जे काय ऐकवलं ते विचारूच नकोस.

आणि कोणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात ना, तो बिघाड नाही रे, इंटरलेसिंग आहे ते, जुना टीव्ही एक फ्रेम दोन हप्त्यांत दाखवायचा, व्हीएलसी प्लेअरमधे डीइंटरलेस चालू केलं की जातात.

चित्र अडखळत असेल तर मधला यूएसबी हब काढ, कार्ड थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लाव. चित्राच्या वायरची पिवळी पिन सैल नाही ना तेही बघ. बाकी एचडीची आशा नको, व्हीएचएसमधे, म्हणजे या जुन्या कॅसेटमधे, मुळातच जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो.